दागिना निवडताना : सालेकसा तालुक्यातील नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका पुरुषांसाठी आहे. बायकांना तिची गरज नाही. दागिन्यातलं जे कळायला हवं ते त्यांना दहाव्या वर्षीच कळलेलं असतं आणि उरलेलं त्या लग्नाच्या मांडवात एकमेकींच्या गळ्याकडे बघून शिकतात. पुरुषाचं तसं नाही. तो पंचवीस-तीस वर्षं निवांत जगतो आणि एक दिवस एकदम साक्षगंध ठरतं, किंवा बहिणीला मुलगी होते, किंवा पुण्यात नोकरी लागून पहिला पगार हातात पडतो आणि माय फोनवर सहज सांगते, "बाजूच्या पोट्ट्यानं मायले फुली आनली म्हणे. चांगली हाये." माय असं सहज कधी बोलत नसते, हे ज्याच्या लक्षात आलं तो प्रवेश परीक्षा पास झाला असं समजावं.

साहित्य : जमतील तेवढे पैसे, भरपूर वेळ, घरातल्या एका जाणत्या बाईचा फोन नंबर आणि मोबाइलमध्ये 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप. सोन्याबद्दल स्वतःची काही मतं असतील तर ती घरी ठेवून निघावं.

धडा पहिला : केव्हा घ्यावा

पंचांगात सोनं घ्यायचे मुहूर्त बरेच दिले आहेत. पाडवा आहे, अक्षय तृतीया आहे, धनत्रयोदशी आहे, गुरुपुष्यामृत तर वर्षातून कितीदा तरी येतं. पण सालेकसात खरा मुहूर्त एकच, चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. धनत्रयोदशीला दुकानात दिसतात ते मास्तर, ग्रामसेवक आणि बँकेचे लोक. शेतकऱ्याचा हलका धान तेव्हा नुकता खळ्यावर आलेला असतो आणि भारी धान बांधीतच उभा असतो. पुढे चुरणी होते, कट्टे भरले जातात, आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लागतो, काटा होतो, आणि मग खात्यात पैसे कधी पडतील याची वाट बघणं सुरू होतं. या काळात सोन्याचा भाव रोज बघू नये. बघून तो कमी होत नाही आणि बघणाऱ्याचा रक्तदाब मात्र वाढतो.

हिशेब एकदाच करून ठेवा. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. सोनं त्या वर्षी १० ग्रॅमला लाखाच्या बरंच वर गेलं, पण मन मोडू नये म्हणून आपण लाखच धरू. म्हणजे १० ग्रॅमला ४२ क्विंटल धान. केंद्रावर ४० किलोचा कट्टा धरला तर १०५ कट्टे. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गेलेला धान परत येताना शर्टाच्या खिशात मावतो. अर्ध्या ग्रॅमची नाकातली फुली घ्यायची म्हटली तरी पाच कट्टे जातात. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगळा. हा हिशेब दुकानात मोठ्याने करायचा नसतो. बायको सोबत असेल तर मनातही करू नये, चेहऱ्यावर दिसतो.

चुकारा जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी सराफाकडे धावू नका. तो मेसेज कृषी केंद्रवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला आणि तुमच्या मेहुण्याला तुमच्या आधी कळलेला असतो. तिघांना भेटून उरलं ते घेऊन जा. उरलं नाही तर पुढच्या हंगामापर्यंत पुढचे धडे वाचत राहा.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडया भरतात. दंडार होते, रात्री नाटक होतं, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. मंडईतल्या दुकानात मिळतं ते बेंटेक्स आणि 'एक ग्रॅम सोन्याचं' म्हणून विकलं जाणारं मुलाम्याचं सामान. ते घ्यायला हरकत नाही, मात्र घेताना सोनं समजून घेऊ नका. नवशिक्याने मंडईत जायचं ते बघायला. अख्ख्या पंचक्रोशीच्या बायका त्या रात्री आपापलं सगळं अंगावर घालून येतात. कोणत्या वळणाची पोत चालू आहे, एकदाणी अजून कोण घालतं, झुमके जाऊन पुन्हा बाळ्या आल्या का, हे सगळं एका चकरेत कळतं. फक्त बघताना आपण गळ्याकडे बघतो आहोत हे लोकांना कळणार नाही असं बघावं. नाहीतर हा अभ्यास तुम्हाला महागात पडेल.

धडा दुसरा : कुठे घ्यावा

सालेकसा हे हावडा-मुंबई मार्गावरचं स्टेशन असल्यामुळे नवशिक्यापुढे दोन दिशा असतात. पश्चिमेला आमगाव आणि गोंदिया. पूर्वेला दरेकसाचा बोगदा ओलांडला की डोंगरगड, पुढे राजनांदगाव. तिसरा पर्याय स्टेशनवर जायचाच नाही, गावातल्या सोनाराकडे जायचं.

गोंदियाच्या मोठ्या दुकानात गार हवा असते, पाण्याची बाटली देतात आणि विक्रेती तुम्हाला 'सर' म्हणते. सालेकसात तुम्हाला शाळेबाहेर कुणी सर म्हटलेलं नसतं, त्यामुळे पहिल्याच फटक्याला दोन ग्रॅम जास्त घेतले जातात. बाटलीतलं पाणी प्यावं, पण घाई करू नये. गावचा सोनार 'सर' म्हणत नाही. तो म्हणतो, "का जी भाऊ, आज इकडे कसे?" तुमच्या आजीच्या पाटल्या त्याच्या बापाने घडवलेल्या असतात, त्या कोणत्या साली मोडल्या आणि का मोडल्या हेही त्याला ठाऊक असतं. अशा माणसाशी घासाघीस करणं कठीण. पण फुलीची तार तुटली तर तो उभ्या उभ्या जोडून देतो आणि पैसे विचारले तर "राहू द्या" म्हणतो. हे 'राहू द्या' त्याने पुढच्या लग्नाच्या खरेदीत धरलेलं असतं, त्यात चूक काही नाही.

कुठेही जा, दोन प्रश्न विचाराच. पहिला, तोळा कोणता? सराफ आज तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात १० ग्रॅम असतात. आजी म्हणते तो तोळा ११.६६ ग्रॅमचा : ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. आजीची पाच तोळ्यांची पोत ५८ ग्रॅम भरते आणि तुम्ही आणलेली पाच तोळ्यांची पोत ५० ग्रॅम. घरी आल्यावर आजी ती तळहातावर घेऊन एकदा वरखाली करते आणि काही न बोलता परत देते. तेव्हा तोळ्याचा खुलासा करत बसण्यापेक्षा पावतीवर ग्रॅमच लिहून घ्यावेत.

दुसरा प्रश्न, घट किती? घट म्हणजे घडवताना कानस लागून जे सोनं झडतं ते. झडतं हे खरं, पण दुकानाबाहेर जात नाही. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकला जातो, धुतला जातो, त्यातून कण काढले जातात. आपल्या शेजारच्या बालाघाटात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझरा लोक होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. जिथे वाळूतला कण सुटत नव्हता तिथे सराफाच्या टेबलावरचा कण हरवला हे पटवून घेऊ नका. घट आणि घडणावळ दोन्ही लावत असतील तर हसून विचारा. चिडून विचारलं तर भाव कमी होत नाही.

धडा तिसरा : काय घ्यावं

टीव्हीवरच्या मालिका बघून दागिना निवडणाऱ्यांसाठी हा धडा थोडा लांबवावा लागतो आहे.

मालिकेतली सून ठुशी, नथ, तोडे घालून पोळ्या लाटते. तुमची माय जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे लावते. रोवणीच्या दिवसांत पाऊस वरून असतो आणि पाणी खालून, हात कोपरापर्यंत गाऱ्यात. दागिना या शरीरावर राहायचा आहे हे आधी लक्षात घ्या. अंगठी तर रोवणीत बोटात राहतच नाही, गारा तिला ओढून घेतो. म्हणून आपल्याकडच्या बायकांच्या अंगठ्या आठ महिने डब्यात असतात. घुंगरांची चाळ पायात घालून बांधीत उतरलेली नवी सून संध्याकाळी घुंगरांतला चिखल सुईने काढत बसलेली कुणी बघितली असेल तर त्याला अधिक सांगायला नको. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईच्या कानात लोंबते झुमके चालत नाहीत, फांदीत अडकून कानाची पाळी फाटते. तिला कानाला चिकटून बसणारं काहीतरी हवं. गळ्यात लांब पोत असेल तर ती वाकल्यावर पुढे झुलते आणि पदराच्या आत खोचावी लागते, म्हणून कामाची पोत आखूड असते आणि लग्नाची लांब.

उरते फुली. आमच्या मते नवशिक्याने पहिला दागिना फुलीच घ्यावा. ती रोज अंगावर राहते, कामात आडवी येत नाही, आणि आपला मुलगा किती चांगला आहे हे मायला कुणाला सांगावं लागत नाही, समोरची बाई बघतेच. पण फुली घेताना मागची बाजू बघा. काहींना फिरकी असते, काहींना नुसती तार असते जी नाकात घातल्यावर आतून वळवतात. फिरकीची दिसायला नीट, पण घामाने आणि पाण्याने ती ढिली होत जाते आणि एखाद्या दिवशी बांधीत पडते. पडलेली फुली गाऱ्यात शोधायला अख्खी रोवणाऱ्यांची रांग वाकते, आणि ती सापडत नाही. तारेची घ्या.

वजन करताना नीट बघा. फुलीसाठी सोनार पितळी चिमट्याने ती उचलतो, काचेच्या पेटीतल्या छोट्या काट्यावर ठेवतो आणि पोराला पंखा बंद करायला सांगतो, कारण वाऱ्याने शेवटचा आकडा हलत असतो. तो आकडा स्थिर होईपर्यंत दुकानात कुणी बोलत नाही. मग ती गुलाबी कागदात जाते, कागदाची चार घड्यांची पुडी होते, पुडीवर पेनने ग्रॅम आणि मिलिग्रॅम लिहिले जातात. हा कागद घरी गेल्यावर फेकू नका. माय तो पोथीत ठेवते.

पुण्याहून मोत्याची नथ आणू नका. आणलीच असेल तर वाईट वाटून घेऊ नका. माय एका लग्नात घालेल, फोटो काढून तुम्हाला पाठवेल आणि तुमच्या बहिणीच्या नावाने डब्यात ठेवून देईल.

चांदीबद्दल थोडं. पायात सोनं घालत नाहीत, त्यामुळे पैंजण, साखळ्या, जोडवी, बाळाचे वाळे, करदोडा हे सगळं चांदीत. इथे विचारायचा शब्द एकच, 'टंच', म्हणजे शुद्धता. पैंजणाला जोड जितके जास्त तितका डाक जास्त आणि मोडीत टंच तितका कमी. जत्रेत मिळतं ते गिलट. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं आणि चांदी औषधालाही नसते. निकेलमुळे काही जणींच्या पायाला खाज सुटते. स्वस्त म्हणून घेतलेले पैंजण पुन्हा मलमावर खर्च करायला लावतात.

आपला तालुका सीमेवरचा. सून राजनांदगावची असेल तर ती सुता आणि ऐंठी मागेल, बालाघाटची असेल तर तिचं वळण आणखी वेगळं. सुता म्हणजे गळ्यात घट्ट बसणारी चांदीची भरीव कडी, ऐंठी म्हणजे हातातला पीळदार जाड कडा, नागमोरी दंडावर. माघ पौर्णिमेला धनेगावजवळ कचारगडच्या जत्रेला जा. गोंड समाज कितीतरी राज्यांतून तिथे येतो, आणि जुनी भरीव चांदी अंगावर कशी दिसते ते तिथे कळतं. तिकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातापायावर गोंदणही असतं. बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, असं त्या सांगतात. चोराला ते नेता येत नाही आणि सावकाराला गहाण घेता येत नाही. पहिल्या पगाराच्या भेटीसाठी मात्र ते सुचवत नाही, दुखतं.

धडा चौथा : हिरे

हा धडा सालेकसात गाळला तरी चालतो.

धडा पाचवा : खरं की खोटं

पूर्वी सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढायचा आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचात. आता दागिन्यावर तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. २२ कॅरेटला आकडा ९१६ असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटला ७५०, १४ ला ५८५. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक लागतोच. खुणा इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना मुंगीचे पाय दिसतात. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवायचा नियम आहे. ते मागा. मागताना आवाज खाली ठेवा, अविश्वास दाखवतो आहोत असं वाटू देऊ नका. "चष्मा विसरलो जी" म्हणावं.

मग ॲप उघडा आणि क्रमांक टाका. दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्ध, कोणत्या केंद्रात तपासला, हे सगळं समोर येतं. हातात कानातलं आणि ॲपमध्ये 'अंगठी' असं आलं तर दागिना काउंटरवर ठेवा, पाणी प्या आणि उठा. पुढे शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च द्यावा लागतो, असा नियम आहे. नियम वापरायला मात्र पावती लागते, आणि 'घरचाच सोनार आहे' म्हणून पावती न घेणारे नवशिके इथे नापास होतात.

आता गंमत अशी की २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आम्ही तिसऱ्या धड्यात तुम्हाला फुली घ्यायला लावली, तीच नेमकी या सुटीत बसते. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या दुकानांनाही सूट आहे, म्हणजे लहान गावचा सोनारही बऱ्याचदा तिच्यात बसतो. म्हणून फुलीपुरतं तुम्हाला पुन्हा सोनाराच्या तोंडाकडेच बघावं लागणार. आजोबांनी बघितलं होतं, तुम्हीही बघा. पावतीवर कॅरेट लिहून घ्या.

कॅरेटवरून घरात वाद झाला तर आजोबांना १९६३ ची आठवण करून द्या. त्या वर्षी जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. १४ ची अट पुढे सुटली, पण सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. आज भाव इतका चढला आहे की लोक आपणहून १४ कॅरेट मागतात, आणि २०२५ साली ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळाला. सरकारने सक्ती केली तेव्हा ज्याला नाकं मुरडली ते आता काचेच्या पेटीत दिवे लावून ठेवलेलं असतं. तरी आमचा सल्ला जुनाच, पोत आणि पाटली २२ चीच घ्या. कारण सहाव्या धड्यात येईल.

जुन्या घरांत रुपयांची माळ सापडते. राणीछाप, राजाछाप रुपयांना कडी लावून ओवलेली. ही माळ विकायला किंवा मोडायला निघालात तर प्रत्येक रुपयाचं साल वाचा. इंग्रजांचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. सोनार तराजूत वजन म्हणून रुपयाच टाकायचे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. एकाच माळेत तिन्ही असतात, कारण आजीने लढाईच्या वर्षांतही माळ वाढवणं थांबवलं नव्हतं. सगळे रुपये एकाच भावाने तोलून घेणारा भेटला तर घाई करू नका, आणि राणीछाप वेगळे काढायला निघालाच असाल तर आधी घरातल्या बाईला विचारा. ती माळ बहुधा तुमची नसते.

धडा सहावा : गहाण

नवशिक्याला हा धडा अभद्र वाटेल. तरी दागिना निवडायच्या आधी हाच वाचायला हवा होता. क्रम आम्ही मुद्दाम चुकवला, नाहीतर तुम्ही पुढे वाचलंच नसतं.

तुम्ही जानेवारीत घेतलेला दागिना जूनमध्ये बँकेत जाणार आहे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. पऱ्हे टाकायचे असतात, खत आणायचं असतं, रोवणीच्या बायांना रोज संध्याकाळी मजुरी द्यायची असते, पीककर्जाचा कागद कुठेतरी अडकलेला असतो. मग डबा उघडतो. धानाच्या मुलखात दागिना हा असा वर्षाआड बँकेत जाऊन-येऊन असतो, आणि चुकारा झाला की सोडवून आणला जातो. लग्नात गळा भरलेला दिसला म्हणून कुणाला श्रीमंत समजू नका, आणि पोळ्याला गळा मोकळा दिसला म्हणून विचारूही नका.

म्हणून निवडताना बँकेच्या माणसाच्या नजरेने बघा. तो दागिना हातात घेतो आणि आधी काय काय सोनं नाही ते वजा करतो. खडे वजा, मीना वजा, मोती वजा, पाटलीत भरलेली लाख वजा, रेशमाचा गोंडा वजा. उरलेल्या निव्वळ सोन्यावर, कॅरेट बघून, तो किंमत काढतो आणि त्या किमतीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास कर्ज सांगतो. तुम्ही दिलेली घडणावळ त्याच्या कागदावर येतच नाही. बारीक नक्षीच्या, खड्यांनी मढवलेल्या सेटवर घडणावळ भरमसाट असते आणि काट्यावर तो सेट निम्मा होतो. साधी भरीव पोत, एकदाणीचे मणी, बिनखड्याची पाटली यांचं वजन काट्यावर जवळजवळ तेवढंच राहतं. आपल्या आज्यांची आवड साधी होती असं म्हणतात. आमच्या मते त्यांना रोवणीचा खर्च ठाऊक होता.

गहाण ठेवताना बँकेत ठेवा, पतसंस्थेत ठेवा, आणि सावकाराकडे जायचंच झालं तर तो परवानाधारक आहे का बघा. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ पासून लागू आहे. पावतीवर दागिन्याचं वर्णन आणि वजन असलं पाहिजे. 'पिवळ्या धातूची वस्तू, नग १' असं लिहिलेला कागद घेऊन घरी येऊ नका.

एका गोष्टीची काळजी मात्र करू नका. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेप्रमाणे छाप्यात लग्न झालेल्या बाईचे ५०० ग्रॅमपर्यंत, बिनलग्नाच्या मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. सालेकसात ५०० ग्रॅमच्या वर गेल्यामुळे कुणाची झोप उडाल्याचं अजून ऐकिवात नाही.

धडा सातवा : भेट देताना

घरात दोन सुना असतील तर एकीला दागिना देऊ नका. दोघींना द्या, वजन सारखं ठेवा आणि नक्षी वेगळी ठेवा. नक्षी सारखी ठेवली तर अदलाबदलीचा संशय येतो आणि वजन वेगळं ठेवलं तर ते त्याच रात्री कळतं, कारण प्रत्येक घरात तळहाताचा काटा असतो. बायकोला घेतलं की बहिणीला राखीला काय देणार ते आधी ठरवा. मायला आधी, बायकोला नंतर, हा क्रम पाळणारे सुखी असतात असं म्हणवत नाही, पण कमी ऐकतात.

'सरप्राइज' नावाचा प्रकार शहरातून आला आहे. त्याचा मोह टाळा. लपवून आणलेल्या दागिन्याचा आकार हटकून चुकतो : बांगडी हातात चढत नाही, अंगठी अंगठ्यात जाते. ती हसते, "छान आहे जी" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला घेऊन त्याच दुकानात उभे असता, बदलून घ्यायला. बदलताना घट पुन्हा लागते. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सोबत न्या. दुकानात ती आधी सगळ्यात महागाचा दागिना काढायला लावेल, घाबरू नका. तो घालून बघण्यासाठी असतो, घेण्यासाठी नसतो. मग मधल्या किमतीचे दोन, मग खालच्या खणातले चार. अर्ध्या तासाने ती पहिल्या पाच मिनिटांत बघितलेल्या साध्या पोतीकडे परत येईल. या सगळ्या वेळात तुमचं काम खुर्चीवर बसणं आणि विचारलं तर "तुले आवडते ते घे" म्हणणं एवढंच आहे. "दोन्ही चांगले" हे उत्तर कधी देऊ नका, ते ऐकलं नाही असं समजण्यात येतं.

आणि जे दिलं ते तिचं झालं, हे पक्कं डोक्यात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईच्या एकटीच्या मालकीचं असतं, नवरा त्याचा भागीदार होत नाही. २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं : नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तर परत करायची जबाबदारी त्याची. म्हणजे जूनमध्ये तिची पोत बँकेत नेताना तिला विचारायचं आणि चुकाऱ्यातून ती पहिल्यांदा सोडवायची, नवीन मोबाइल त्यानंतर. सोडवून आणल्यावर "तुझीच आहे, घे" असं उपकार केल्यासारखं म्हणू नका. तिला ठाऊक आहे.

शेवटी पावती. सराफ पेन उघडतो आणि विचारतो, "नाव काय लिहू?" तेव्हा आपलं नाव सांगायची सवय मोडा आणि गप्प बसा. ती सांगेल.